कमी तोडून जुनं स्वयंपाकघर नवं कसं करावं

जुनं स्वयंपाकघर स्वतःच नवं करायचं ठरलं की हात आधी हातोड्याकडे जातो. कपाटं उपटावीत, टाइल्स फोडाव्यात, ओटा काढून टाकावा असं वाटतं. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर ही उबळ आधी आवरा. या कामात खर्च भराभर वाढवतात ते पाणी, गॅस आणि वीज यांचे बदल. सिंक जागचं हललं नाही, शेगडी जिथल्या तिथे राहिली, तर उरतं ते बरंचसं रंगाचं, साठवणीचं आणि उजेडाचं काम. ते धीर धरणाऱ्या कुणालाही घरच्या घरी जमतं.

मी या सगळ्यातून गेले आहे. जिथे लोक हमखास अडकतात तिथे खाली सविस्तर लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात उरकलं आहे.

१. आधी काही दिवस फक्त बघा

फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवा आणि रोज काम करताना जे जे खटकेल ते लगेच लिहा. काही दिवसांनी त्याच्या दोन याद्या करा. एक ‘जुनाट दिसतं’ची, दुसरी ‘गैरसोय होते’ची. पहिली यादी रंग, मुठी, दिवे यांनी बहुतेक मिटते. पैसा दुसऱ्या यादीवर खर्च करायचा असतो, आणि ती आपल्या अंदाजापेक्षा बरीच लहान निघते.

मांडणी तपासायला सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा त्रिकोण मोजा. ही कल्पना १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून रूढ झाली. प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर आणि तिन्हींची बेरीज ८ मीटरच्या आत असावी, असा तिचा आडाखा आहे. जागा लहान म्हणून भिंत पाडायला निघाला असाल तर जरा थांबा. वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ साली आखलेलं प्रसिद्ध फ्रँकफर्ट स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतं. बाईला किती पावलं टाकावी लागतात हे मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती.

बहुतेक जुन्या घरांत त्रिकोण ठीकच असतो. शेगडीच्या बाजूला गरम भांडं टेकवायला जागा नसते आणि चिरायच्या जागी आपलीच सावली पडते, ही खरी अडचण. त्रिकोणात फ्रिजच लांब पडत असेल तर तो हलवणं सोपं, एका प्लगपुरतं काम.

ओट्याची उंचीही आत्ताच बघा. कोपर वाकवून उभे राहा. कोपराच्या खाली १० ते १५ सेंटिमीटरवर ओटा असावा. बाजारातली कपाटं ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीचा ओटा धरून बनवलेली असतात, पण ती सरासरी उंचीच्या माणसासाठी. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पायाच्या जाड पाटाने भागतो, त्यासाठी ओटा फोडू नका.

२. काय ठेवायचं ते ठरवा

कपाटाचं दार लोंबकळत असलं म्हणजे कपाट गेलं असं नाही. बहुतेक वेळा फक्त बिजागरी ढिली झालेली असते. दार उघडून सांगाडा हाताने हलवून बघा. डुगडुगत नसेल आणि कोपरे काटकोनात असतील तर तो ठेवा. सिंकखालच्या कपाटाची तळफळी अंगठ्याने दाबा. लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी (पार्टिकल बोर्ड) पाण्याने फुगली की पुन्हा बसत नाही. ती फुगली असेल तर तेवढी तळफळी बदला, अख्खं कपाट नको. तिच्या जागी उकळत्या पाण्यालाही टिकणाऱ्या प्रतीचं प्लायवुड घ्या. फक्त ओलावा सोसणारी प्रत स्वस्त पडते, पण सिंकखाली तिचा उपयोग नाही.

टाइल्सवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज येणाऱ्या टाइल्सवर खडूने फुली मारा. फुल्या चार-सहाच असतील तर तेवढ्याच बदलायच्या, आणि हवं तर मग जुन्यांवरच नव्या बसवायच्या. अर्धी भिंत पोकळ वाजत असेल तर मात्र फोडण्यावाचून इलाज नाही.

गळती शोधायला सिंकखालचे सगळे सांधे कोरडे पुसा, खाली कोरडा टिशू पेपर पसरा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी डाग कुठे पडला ते बघितलं की कळतं.

आता एक इशारा. घर खूप जुनं असेल तर जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, कित्येक देशांत त्याहून उशिरा. असा रंग कोरडा घासला की त्याची पूड श्वासात जाते, आणि लहान मुलांना ती सर्वांत घातक. जुन्या व्हिनाइल फरश्या, त्यांच्याखालचा काळा डांबरी गोंद आणि सिमेंटचे पत्रे यांत अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असलेले खनिज तंतू, असण्याची शक्यता असते. शंका आली तर तुकडा तपासून घ्या, तोवर तिथे खरवडू, फोडू किंवा ड्रिल चालवू नका. फरशी घट्ट असेल तर तिच्यावरच नवी घालणं जास्त सुरक्षित.

३. मापं, पैसे आणि कागद

भिंत सरळ आहे असं गृहीत धरू नका. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान माप धरा. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला एका भिंतीवर ६० आणि दुसरीवर ८० सेंटिमीटरवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १०० आलं तर काटकोन आहे. चौकडीच्या कागदावर सगळं प्रमाणात काढा, त्यात दारं आणि खण उघडल्यावर कुठवर येतात तेही दाखवा. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये एकट्या माणसाला १ मीटरच्या वर जागा हवी, दोघं वावरणार असतील तर १.२ मीटर.

पैशांचे तीन भाग करा: साहित्य, बोलावलेल्या कारागिरांची मजुरी आणि अचानक निघणारा खर्च. जुन्या घरात तिसऱ्या भागाला एकूण रकमेच्या किमान १५ टक्के तरी बाजूला ठेवा. टाइलमागे कुजलेला पाइप दिसल्यावर तो नव्या दिव्यांच्या पैशातून बदलायची वेळ येऊ नये.

बिजागऱ्या, खणांच्या सरकपट्ट्या, नळ आणि सिंकखालची फळी यांत काटकसर करू नका. रोज वापरल्या जातात आणि बिघडल्या की सगळं काम फुकट गेल्यासारखं वाटतं. मुठी, टाइल्स, दारांचे रंग यांत खुशाल वाचवा. कुणी चांगलं स्वयंपाकघर काढून टाकत असेल तर वापरलेली कपाटंही नक्की बघा. लाकूड चांगलं असेल तर दारं रंगवता येतात.

जवळ ठेवायचे कागद:

- उपकरणांची बसवण्याची पत्रकं. ओट्यात पाडायच्या खाचेची मापं त्यांवर असतात
- इमारतीचे किंवा घरमालकाचे कामाच्या वेळा आणि राडारोड्याबद्दलचे नियम, आणि लेखी परवानगी
- परवानाधारक वीज आणि गॅस कारागिराने काम झाल्यावर दिलेला दाखला
- टाइल्सच्या खोक्यावरचा छटेचा आणि खेपेचा क्रमांक, रंगाच्या डब्यावरचा क्रमांक
- बिलं आणि हमीपत्रं

ओटा, शेगडी, चिमणी यांतलं काहीही ‘माप साधारण असंच असेल’ म्हणून आधी आणू नका. शेगडीची खाच एक सेंटिमीटर जास्त कापली गेली तर दगड परत जोडता येत नाही.

४. साधनं

- टेप, गुण्या, ओळंबा आणि किमान ६० सेंटिमीटरची स्पिरिट लेव्हल
- ड्रिल, लाकडाची आणि भिंतीची पाती, रावळप्लग (स्क्रू धरून ठेवायला भिंतीच्या भोकात घालायचे)
- पकड, पाना, स्क्रूड्रायव्हरचा संच, दोन क्लॅम्प
- १२०, १५० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, घासायचा ठोकळा
- १० सेंटिमीटरचा स्पंजचा रोलर, बारीक कडेसाठी चांगला ब्रश
- टाइल्स लावणार असाल तर दातेरी थापी, टाइल कटर आणि रबरी थापी
- धुळीचा मास्क (कापडी चालत नाही), गॉगल, हातमोजे

टाइल कटर आणि मोठं ड्रिल दोन दिवसांसाठी भाड्याने मिळालं तर विकत घेऊ नका.

काम सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या खोलीत एक टेबल, विजेची शेगडी, बादली आणि रोजची मोजकी भांडी अशी तात्पुरती सोय लावा. हे टाळलं की तिसऱ्याच दिवशी घरचे वैतागतात आणि मग काम उरकण्याची घाई होते.

५. पाणी, वीज, गॅस: कुठे हात घालायचा आणि कुठे नाही

गॅसच्या नळीला हात लावू नका. जोडणी हलवायची असेल तर परवानाधारक माणूसच हवा. घरातल्या विजेच्या मुख्य फलकावरून नवी लाइन टाकायची, सॉकेटची जागा बदलायची, हेही इलेक्ट्रिशियनचं काम. तो आला असतानाच ओव्हन, गीझर यांसारख्या जास्त भार ओढणाऱ्या वस्तूंना स्वतंत्र लाइन आणि सगळ्या सॉकेटना विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं स्विच लावून घ्या. सॉकेट सिंकच्या शिंतोड्यांपासून दूर हवेत. जितकी लागतील असं वाटतं त्याहून दोन जास्त ठेवा.

भिंत बंद होण्याआधी उघड्या पाइपांचे आणि वायरींचे फोटो काढा. फोटोत टेप पसरलेला दिसू द्या. उद्या फळी ठोकायची झाली की ड्रिल कुठे मारायचं हे त्यावरून कळेल.

नळ बदलणं आणि सिंकखालचा वाकडा पाइप बदलणं तुम्ही करू शकता. मुख्य कॉक बंद करा, खाली बादली ठेवा, मग फिरवा. टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे नट घट्ट करताना ती सुटत नाही. रबरी वॉशर असलेल्या लवचिक नळीला टेप लागतच नाही, तिथे लावली तर उलट सांधा नीट बसत नाही. वाकड्या पाइपात पाणी साचून राहायला हवं, कारण तेच गटाराचा वास अडवतं.

६. क्रम चुकवू नका

काढून टाकायचं ते आधी. मग पाणी-वीज. मग भिंतींची दुरुस्ती, छत आणि भिंतींचा रंग. मग वरची कपाटं, खालची कपाटं, ओटा, टाइल्स, सिंक-नळ आणि शेवटी दिवे-मुठी. भिंतीचा रंग टाइल्सआधी लावला की टाइल्सवर पडलेले थेंब खरवडत बसावं लागत नाही.

फरशीबद्दल एकच सांगते. खालची कपाटं तशीच ठेवून फक्त समोरच्या भागात जाड नवी फरशी घालत असाल, तर भांडी धुण्याचं यंत्र आधी बाहेर काढा आणि फरशी त्याच्या खालीही न्या. फक्त पुढची फरशी चढली की ते ओट्याखाली अडकतं आणि बिघडल्यावर बाहेर काढता येत नाही.

७. कपाटांना रंग: सर्वांत स्वस्त बदल, सर्वांत जास्त बिघडणारं काम

दिसण्यात सर्वांत मोठा फरक रंगानेच पडतो, आणि सर्वांत जास्त कपाटं खराब होतात तीही रंगानेच. रंग सुटतो त्याचं मूळ बहुतेक वेळा नीट न धुण्यात असतं.

प्रत्येक दार उतरवा. नंबर टाका, पण बाहेर टेपवर नाही, कारण धुताना ती निघते. बिजागरीच्या गोल खोबणीत पेन्सिलने नंबर लिहा आणि वर टेप लावा. तिथे रंग लागत नाही आणि नंबर हरवत नाही. कपाटाच्या आत त्याच जागी तोच नंबर लिहा. स्क्रू प्रत्येक दाराचे वेगळ्या पिशवीत.

आता धुवा. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून स्पंजने पुसा, स्वच्छ पाण्याने पुसा, आणि सगळं परत एकदा करा. शेगडीजवळच्या दारांना तिसऱ्यांदाही करा. तेलाचा थर राहिला असताना पॉलिश पेपर मारला तर तो तेल लाकडात घुसवतो आणि रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग सोडतो.

लाकूड १२० किंवा १५० नंबरने घासा. लॅमिनेटवर २२० पुरे, फक्त चमक जाईल इतपत. वरचा थर फाडू नका. शिशाची शंका असलेला रंग मात्र घासायचाच नाही. प्लास्टिकची फॉइल लावलेली दारं असतील आणि कडेला ती सुटली असेल, तर हेअर ड्रायरने गरम करून पूर्ण सोलून काढा आणि खालच्या एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) काम करा. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग पितात, म्हणून तिथे प्रायमरचे दोन हात हवेत.

लॅमिनेटसाठी नेहमीचा प्रायमर चालत नाही. गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर मागून घ्या. लाकडात गाठी असतील तर शेलॅकचा (लाखेचा), नाहीतर काही महिन्यांनी पांढऱ्या रंगातून पिवळे डाग वर येतात.

सगळ्या दारांना प्रायमर मारण्याआधी एका दाराच्या मागच्या बाजूला मारून वाळू द्या. ब्लेडने त्यावर चौकटी चौकटी कोरा, चिकटपट्टी घट्ट लावा आणि झटकन ओढा. प्रायमर पट्टीबरोबर आला तर धुणं किंवा घासणं कमी पडलंय. हे एका दारावर कळलेलं बरं.

रंगाचे दोन पातळ हात द्या, मध्ये २२० ने हलके घासून पुसून घ्या. आधी मागची बाजू, मग पुढची, म्हणजे ओरखडा पडला तर तो मागे पडतो. अगदी चकचकीत रंग घेऊ नका, प्रत्येक खड्डा उठून दिसतो. हलकी चमक पुसायलाही सोपी.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं होत नाही. पाण्यात मिसळणारा इनॅमल पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर दारं ओल्या फडक्याने घासू नका आणि दार टेकतं त्या कोपऱ्यांना छोटे रबरी ठिपके लावा, नाहीतर नवा रंग सांगाड्याला चिकटून उपटला जातो.

मुठी घेताना दोन भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्या. ९६, १२८ आणि १६० ही नेहमीची मापं. जुन्या मुठींच्या अंतराचीच नवी घेतली तर जुनी भोकं बुजवायची कटकट वाचते.

८. नवी कपाटं बसवताना

वरची कपाटं आधी. खालची बसल्यावर भिंतीपर्यंत हात पोहोचत नाही. भिंतीवर एक सरळ लाकडी पट्टी तात्पुरती ठोका, कपाट तिच्यावर टेकवा आणि मग स्क्रू मारा. एकट्याने कपाट धरून स्क्रू मारायचा प्रयत्न करू नका. प्लग भिंतीच्या जातीप्रमाणे निवडा, पोकळ भिंतीत विटेचे प्लग धरत नाहीत. ओटा आणि वरच्या कपाटांमध्ये ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा.

खालच्या कपाटांना जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधून तिथून सुरुवात करा. बाकीची पाचरी देऊन त्या पातळीला आणा. उंच बाजूची कपाटं कापून खाली आणता येत नाहीत. सगळी लेव्हलमध्ये आल्यावर क्लॅम्प लावून एकमेकांना जोडा.

९. ओटा

दगड स्वतः बसवू नका असंच सांगेन. २० मिलिमीटर जाड ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला ५० किलोहून जास्त भरतं, आणि मधे सिंकची खाच असलेला तुकडा उचलताना मोडतो. कृत्रिम क्वार्ट्‌झ दगड तर घरी कापायचाच नाही. त्याच्या धुळीत सिलिका इतकं असतं की दगड कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झाल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा दगड वापरण्यावरच बंदी घातली. कपाटं पक्की बसल्यावरच माप घ्यायला माणूस बोलवा.

घरी जमतं ते लॅमिनेटचं किंवा लाकडी फळीचं. लाकडाला तेल वरून आणि खालून, दोन्हीकडे द्या, नाहीतर एका बाजूने ओल धरून फळी वाकते. सिंकच्या खाचेची कापलेली कड सिलिकॉनने बंद केल्याशिवाय सिंक बसवू नका.

ओटा नुसता डागाळलेला असेल आणि दगड खराच असेल, तर बदलण्याआधी पॉलिश करणाऱ्याला दाखवा.

१०. टाइल्स

टाइल्स क्षेत्रफळापेक्षा १० टक्के जास्त घ्या आणि सगळी खोकी एकाच खेपेची आहेत ना ते दुकानातच बघा. ओटा लेव्हलमध्ये असेलच असं नाही, म्हणून भिंतीवर लेव्हलने आडवी रेघ मारून सुरू करा. भिंतीच्या मधून दोन्हीकडे मांडून बघा. टोकाला बोटभर पट्टी उरत असेल तर सुरुवात अर्ध्या टाइलने सरकवा.

जुन्या टाइल्सवर नव्या लावताना जुन्यांची चमक घासून काढा, नीट धुवा, प्रायमर द्या. भिंत जाड झाल्याने स्विचच्या पेट्या आत जातात, त्यांना लांब स्क्रू लागतील. ते काम वीज बंद करूनच. सांधे दुसऱ्या दिवशी भरा. ओटा आणि भिंत मिळतात तो कोपरा मात्र सिमेंटी मसाल्याने भरू नका. तिथे दोन्ही वस्तू वेगवेगळ्या हलतात, मसाला तडकतो आणि पाणी आत जातं. तिथे बुरशीरोधक सिलिकॉन.

११. उजेड आणि शेवटचं

वरच्या कपाटांखाली एलईडीची पट्टी लावा, पण मागे भिंतीशी नको. पुढच्या कडेजवळ लावली की उजेड चिरायच्या जागेवर पडतो. ३००० ते ४००० केल्विनचा रंग आणि रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९० च्या वर असलेली पट्टी घ्या. चिमणी गॅसच्या वर ६५ ते ७५ सेंटिमीटरवर, आणि तिच्या पत्रकात वेगळं माप असेल तर तेच धरा. तिचा पाइप शक्य तितका आखूड आणि कमी वळणांचा हवा.

दारं लावून झाली की ती हमखास वाकडी दिसतात. बिजागरीला तीन दिशांचे स्क्रू असतात: एक दार डावी-उजवीकडे नेतो, एक आत-बाहेर, एक वर-खाली. एका टोकाच्या दारापासून सुरू करा, एका वेळी अर्धा फेरा. ९० सेंटिमीटरहून उंच दाराला तीन बिजागऱ्या लावा. सिलिकॉन लावल्यावर २४ तास सिंक वापरू नका. त्यानंतर सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. हीच तपासणी आठवड्याने परत करा, कारण नवे वॉशर बसले की नट थोडे ढिले पडतात.